सहाव्या फळीच्या वर

सोमवार, ६ जानेवारी

ग्रंथालयांत काम करणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो, आपलं दुखणं एकच आहे. तपासणी समिती येणार असली की कॉलेजला आपली आठवण होते, आणि समितीची गाडी फाटकाबाहेर पडली की आपण पुन्हा ‘शू’ म्हणणारी माणसं होतो.

(वहीत एकटीच असले तरी मी सभा भरवते. नवरा म्हणतो, तुझ्या वहीपुढे खुर्च्या मांडायला हव्यात. म्हणो बापडा. दिवसभर घड्याळं दुरुस्त करणाऱ्याला वक्तृत्वातलं काय कळणार?)

तर आज मी या कॉलेजची ग्रंथपाल झाले आणि पहिल्याच दिवशी ग्रंथालय जवळजवळ घालवून बसले. रुजू होऊन तास झाला नव्हता, तोच प्राचार्यांनी बैठकीला बोलावलं. ठराव तयारच होता. ग्रंथालयाचा हॉल परीक्षा विभागाला द्यायचा, पुस्तकं गठ्ठे बांधून तळघरात टाकायची आणि तिथली तीन माणसं तीन वेगळ्या खात्यांत वाटून टाकायची. कारण काय, तर इथे वाचकाला आत सोडत नाहीत. त्याने काउंटरवर चिठ्ठी द्यायची, आतून पुस्तक येतं. आणि दहा चिठ्ठ्यांतल्या चार ‘नाही’ असा शिक्का घेऊन परत येतात.

मी उठले. वीसच मिनिटं बोलले. ग्रंथालय म्हणजे गोदाम नव्हे इथपासून सुरुवात केली आणि शेवटी जीभ घसरली. म्हणाले, मला आठ आठवडे द्या, मग तुम्हीच परीक्षा घ्या. प्राचार्यांनी शब्द झेलला. फेब्रुवारीच्या शेवटच्या शुक्रवारी समिती आपल्या मनाने वीस चिठ्ठ्या लिहील. तासाभरात अठरा पुस्तकं आली तर ग्रंथालय राहील. नाही तर ठराव मंजूर.

टाळ्या वाजल्या. मला आधी वाटलं, माझ्यासाठीच.

मंगळवार, ७ जानेवारी

माणसं पाहिली. काउंटरवर अक्का. चष्मा दोरीला बांधलेला, नजर थेट आरपार. मागच्या खोलीत बाइंडर, ज्यांना सगळे डिंकोबा म्हणतात, कारण त्यांच्या बोटांना चिकटलेलं काही ना काही नेहमी असतंच. आणि आतून पुस्तकं आणून देणारे मामा, एकतीस वर्षांची नोकरी. बोलतात कमी, चालतात रॅकला हात लावत लावत, जसे ओळखीच्या म्हशीच्या पाठीवर थाप मारत चालले आहेत.

तिघांना समोर उभं करून मी मन मोकळं केलं. शेवटचं वाक्य इतकं जमलं की इथे उतरवून ठेवते: “ज्याला हे काम झेपत नाही त्याने आत्ताच सांगावं, दरवाजा उघडा आहे.”

तिघं एकमेकांकडे बघून आपापल्या जागी गेले. एकही हरकत नाही. सभा जिंकल्याची खूण.

शुक्रवार, १० जानेवारी

‘नाही’चा शिक्का मारलेल्या चिठ्ठ्या पेटीतून काढून मोजल्या. दोनशे बारा. प्रत्येकीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने काढलेलं एक बारीक वर्तुळ. अक्कांना विचारलं हे काय. त्या म्हणाल्या, “सवय आहे, मॅडम.” म्हणजे वाचकाच्या तोंडावर शून्य. त्याला पुस्तक तर नाहीच, वर भोपळा! संतापाने माझं जेवण झालं नाही.

दुपारी शून्य या विषयावर अर्धा तास बोलले. डिंकोबांना मध्येच उचकी लागली.

गुरुवार, १६ जानेवारी

एक मुलगी भेटली. प्रबंध लिहिते आहे. तिच्या मैत्रिणी तिला चिकाटी म्हणतात, आणि ते खरंच आहे. या आठवड्यात तिच्या चार चिठ्ठ्या परत आल्या, तरी ती रोज येते. मी म्हटलं, बघ, या अन्यायाविरुद्ध तू आवाज उठवला पाहिजेस. तर ती निवांत म्हणाली, “अहो मॅडम, ‘नाही’ आलं की मी सोमवारपर्यंत थांबते. सोमवारी मिळतं.”

नशीब सोमवारी उघडतं म्हणे. शिकलेल्या मुलींमध्ये अशी अंधश्रद्धा पाहून मन खिन्न झालं. तिला विज्ञाननिष्ठेवरची तीन पुस्तकं सुचवली. तिने चिठ्ठ्या दिल्या. दोन मिळाली, तिसऱ्यावर वर्तुळ.

सोमवार, २० जानेवारी

चिकाटीला तिसरं पुस्तक मिळालं. निव्वळ योगायोग.

बुधवार, २९ जानेवारी

माझी सुधारणा पुढे सरकत नाही. मी वेळापत्रक लावलं, प्रत्येक टेबलावर घोषवाक्य लावलं, पुस्तक दहा मिनिटांत आलंच पाहिजे असा नियम केला. परिणाम असा की शिक्का आता नवव्या मिनिटाला पडतो.

शिवाय ही माणसं एकमेकांना सामील आहेत. मी रॅकांकडे निघाले की अक्का खोकतात. शिडी मागितली की ती जिथे ठेवतात त्या डिंकोबांच्या खोलीला कुलूप असतं आणि किल्ली नेमकी त्यांच्या दुसऱ्या शर्टात. काल मी मामांना म्हटलं, वरच्या फळीवरची धूळ बघा जरा, तर अक्कांनी त्याच क्षणी त्यांना टपालाला पिटाळलं. तिघं मिळून चहा पितात, तिघं मिळून हसतात. मी आत गेले की कपात बघतात.

घरी येऊन नवऱ्यापुढे हे सगळं मांडलं. तो डोळ्याला भिंग लावून कोणाचं तरी मनगटी घड्याळ खोलत होता. म्हणाला, “घड्याळ बंद पडलं म्हणून गिऱ्हाईक येतं. मी आधी कानाला लावतो.”

“मग?”

“मग काही नाही. निम्म्या वेळा ते चालू असतं. काटा अडकलेला असतो फक्त.”

घड्याळाशिवाय याला दुसरी उपमा सुचत नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी

दुपारी छत्री विसरले म्हणून परत गेले. ग्रंथालय बंद व्हायची वेळ, वाचक गेलेले. आत डिंकोबा शिडीवर चढलेले, बुटके आणि गोल, एका हातात पुस्तक आणि दातांत चिठ्ठी. खाली अक्का शिडी धरून. मामा पुस्तकं झेलत होते. मला बघून तिघं असे थिजले, जणू फोटो काढायला उभे आहेत.

बाइंडरने शिडीवर काय करावं? माझ्या तोंडावर आलं होतं. पण छत्री मिळाली आणि रिक्षा थांबलेली होती. सोमवारी जाब विचारणार. चोरी तर नसेल?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

जाब विचारला. अक्का म्हणाल्या, धूळ झटकत होतो. चिठ्ठी दातांत धरून?

आता पुरे. पुढच्या शनिवारी रंगीत तालीम. वीस चिठ्ठ्या मी स्वतः लिहिणार, सगळ्यांत अवघड पुस्तकांच्या, आणि मामा माझ्यासमोर वीसही आणून देतील. शिडीची किल्ली मी आजच ताब्यात घेतली. ऐकून अक्कांचा चेहरा पडला. मामा फक्त “बरं” म्हणाले.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज सजवून लिहिणार नाही, सरळ लिहिते.

पहिली अकरा पुस्तकं मामांनी अशी आणली, जशी कोणी आपल्याच घरातून मीठ आणावं. चिठ्ठीवरचा आकडा बघितला, वळले, आणलं. बारावं पुस्तक नवव्या फळीवर होतं. आमच्या रॅकना दहा फळ्या आहेत, सहावीच्या वर शिडी लागते. डिंकोबा पुढे झाले, मी चढतो म्हणाले. मी त्यांना मागे सारलं. ज्याचं काम त्याने करायचं, असं काहीतरी बोलले.

मामा चढले. एक पायरी, दोन, चार. पाचव्या पायरीवर थांबले. मला वाटलं, आकडा शोधताहेत. मग दिसलं की डोळे घट्ट मिटलेले आहेत आणि बोटं फळीत अशी रुतलेली की नखं पांढरी पडली आहेत. शिडी हलू लागली.

मी बोलायला लागले. धीराचे शब्द, चांगले शब्द, जे मी हजार माणसांपुढे बोलले आहे. वरून आवाज आला, अगदी बारीक:

“बाई, बोलू नका. फक्त शिडी धरा.”

मी शिडी धरली. आयुष्यात इतका वेळ मी गप्प बसले नसेन. अक्का वर बघून नुसतं मोजत होत्या, उतरण्याची एकेक पायरी, “पाच... हं, चार...” त्यांना किती वेळा हे करावं लागलं असेल?

खाली आल्यावर मामा स्टुलावर बसले. डिंकोबांनी पाणी दिलं. मग कळलं सगळं. तीन वर्षांपूर्वी मामा या शिडीवरून पडले. हाड जुळलं, पण तेव्हापासून वर गेलं की गरगरतं. माझ्या आधीच्या ग्रंथपालांनी ऐकवलं होतं की शिडी चढता येत नसेल त्याने घरी बसावं. मामांच्या निवृत्तीला चार वर्षं आहेत. म्हणून तिघांनी ठरवलं. सहाव्या फळीच्या वरचं पुस्तक आलं की ‘नाही’चा शिक्का आणि कोपऱ्यात वर्तुळ. शनिवारी वाचक गेले की वर्तुळवाली पुस्तकं डिंकोबा उतरवतात. सोमवारी वाचकाच्या हातात.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंत?

अक्कांनी चष्मा पुसला. म्हणाल्या, “सांगणार होतो, मॅडम. पहिल्याच दिवशी. पण तुम्ही दरवाजा दाखवलात.”

वहीचं मागचं पान उघडून ते वाक्य आत्ता पुन्हा वाचलं. शब्द अजूनही जमलेलेच आहेत. मेलं ते जमणं.

सोमवार, १७ फेब्रुवारी

माफी मागितली. एका वाक्यात. नवऱ्याने तसं सांगितलं होतं, आणि दुसरं वाक्य आलं तर जीभ चाव म्हणाला होता. जीभ चावली. अजून दुखते.

मामांनी माफी अशी घेतली, जसं वाचकाने परत केलेलं पुस्तक घेतात. पान फाटलं आहे का ते बघितलं आणि ठेवून दिलं. मग म्हणाले, “बाई, चहा घेणार?” कॅलेंडरवर खूण केली आहे. पहिला चहा.

आणि चहा घेता घेता मला एक अफाट कल्पना सुचली! झालं असं की अक्कांनी सहज विचारलं, कॉलेजचे वार्षिक अहवाल वर्षभरात कोणी मागितले का हो? डिंकोबा म्हणाले, सतरा वर्षांत एकानेही नाही. मामा म्हणाले, आणि बसलेत कुठे, तर तिसऱ्या ते पाचव्या फळीवर, हाताशी, प्रत्येक वर्षाच्या डझनभर प्रती, सोनेरी अक्षरांत, पाहुणे आले की दिसावेत म्हणून. अक्का म्हणाल्या, आणि मुलं मागतात ती पुस्तकं आभाळात. एवढं बोलून तिघं माझ्याकडे बघत राहिले.

आणि मला विजेसारखं सुचलं: अहवाल वर, पुस्तकं खाली! तिघं इतके चकित झाले की डिंकोबा म्हणाले, “वा, बाई, हे आमच्या कधी डोक्यात आलं नसतं.” सुदैवाने त्यांच्या खिशात सगळ्या फळ्यांची मापं लिहिलेला कागद होता, जुना, घडीवर फाटलेला. अक्कांकडे वरच्या पुस्तकांची यादीही निघाली. योग म्हणतात तो हाच.

शनिवार, २२ फेब्रुवारी

ग्रंथालयाच्या इतिहासातला सर्वांत आवाजी दिवस. चिकाटी आपल्या पंधरा मैत्रिणी आणि मित्र घेऊन आली. काउंटरच्या आत आजवर वाचकाने पाऊल टाकलं नव्हतं. अक्कांनी फळकूट उचललं आणि म्हणाल्या, “या. चपला पुसून या.” मुलं देवळात आल्यासारखी हळू चालत आत आली आणि पाच मिनिटांत त्यांनी बाजार मांडला.

दोन साखळ्या केल्या. एकीतून अहवाल वर, दुसरीतून पुस्तकं खाली. शिडीवर तरणी मुलं आळीपाळीने, आणि खाली, मध्यभागी, स्टुलावर मामा. हातात काही नाही. फक्त सांगत होते: हे पाचव्या रॅकला, ते खिडकीशेजारी, नाही बाळा, त्याचा जुळा भाऊ तिकडे आहे, दोघांना एकत्र ठेव. एकतीस वर्षांत त्यांनी ते पुस्तक कुठे ठेवलं, कोणी नेलं, कधी भिजलं, सगळं तोंडपाठ. मी या माणसाला दहा मिनिटांचा नियम लावला होता.

एका मुलाने वरून विचारलं, आजोबा, हे काय आहे, कोणी कधी उघडलंच नाही. तो आमच्या प्राचार्यांच्या पहिल्या वर्षाचा अहवाल होता. मामा म्हणाले, “जपून ठेव. वरून पडला तर लागेल.” सगळी साखळी हसून वाकली आणि दोन पुस्तकं खरंच पडली.

मी सकाळी भाषण करणार होते. चार पानं लिहून नेली होती. पण माझी जागा साखळीत आठवी होती, आणि आठव्या माणसाचे दोन्ही हात सतत भरलेले असतात.

बुधवार, २६ फेब्रुवारी

परवापासून झोप नीट नाही. आकडे बदलले, फळ्या बदलल्या. मामा म्हणतात, माझ्या डोक्यात उतरलंय, पण हात अजून जुन्या जागी जातो. आज सात वेळा गेला. तीन खाती, तीन माणसं, असा विचार सारखा येतो. चहाला तिघांच्या ऐवजी एकेकटा कप.

नवरा म्हणाला, घड्याळ जुळलं की एक दिवस पुढे-मागे होतंच. मग म्हणाला, कानाला लावलंस का? मी म्हटलं, हो. तो एवढा खूश झाला की त्याने स्वतःहून भांडी घासली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

समिती अकरा वाजता आली. पाच माणसं आणि वीस चिठ्ठ्या, पाकिटात बंद. प्राचार्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग खिशातल्या. दोन्ही नवऱ्यानेच दुरुस्त केली आहेत, फसवणुकीची शंका नको.

एकेक चिठ्ठी अक्का वाचत, मामा चालत. हात रॅकवरून फिरायचा, अडखळायचा, परत यायचा, आणि मग पुस्तक. दोन ठिकाणी जुन्या जागी गेला. आठव्याला चार मिनिटं लागली. मी बोलणारच होते, पण अक्कांनी माझ्या पायावर पाय ठेवला. तिथेच ठेवला, शेवटपर्यंत.

बेचाळिसाव्या मिनिटाला अठरावं पुस्तक. चिकाटी दारातून बघत होती. तिने तोंडावर हात दाबला. एकोणिसावं लगेच. विसावी चिठ्ठी अक्कांनी वाचली आणि थांबल्या. प्राचार्यांनी स्वतः लिहिलेली होती. त्यांच्याच पहिल्या वर्षाचा वार्षिक अहवाल. सतरा वर्षांतली पहिली मागणी.

आणि तो नेमका दहाव्या फळीवर.

अठरा झाली होती, ग्रंथालय वाचलं होतं. ‘नाही’ म्हटलं असतं तर कोणी काही म्हणालं नसतं. मामांनी शिडीकडे बघितलं. मग माझ्याकडे. आता आमचा नियम आहे: आभाळातलं काही मागितलं तर एक चढतो आणि एक धरतो, आणि कोण चढणार हे ज्याचं त्याने ठरवायचं.

मी चढले. मामांनी शिडी धरली. वर गेल्यावर कळलं की नवव्या पायरीवरून जग कसं हलतं. अहवाल काढला, धूळ फुंकली, आणि खाली बघते तो अख्खी समिती माना वर करून माझ्याकडे बघते आहे. इतकं उंच व्यासपीठ मला कोणी कधी दिलेलं नव्हतं. श्वास घेतला. “मित्रहो...”

“बाई,” खालून मामा म्हणाले, “बोलू नका. आधी उतरा.”

सगळं ग्रंथालय हसलं. प्राचार्यसुद्धा. आणि ‘शू’ कोणी म्हणालं नाही.

ठराव मागे घेतला. मुलांना आत सोडायचं, हेही ठरलं. तिन्ही माणसं एकाच छताखाली. चहाच्या टेबलावर चौथा कप आला आहे. त्याचा कान तुटलेला आहे, पण डिंकोबांनी तो चिकटवला आहे.

रविवार, २ मार्च

पुढच्या महिन्यात सगळ्या कॉलेजांच्या ग्रंथपालांच्या संमेलनात मला बोलायला बोलावलं आहे. अर्धा तास दिलाय. मी लिहायला बसले ते वीस पानांच्या तयारीनेच. नवरा म्हणाला वाचून दाखव. वाचलं. तो म्हणाला, शेवट चांगला आहे, बाकीचं कशाला? तेव्हा एवढंच उरलं:

ग्रंथपालांनो, आपल्याकडे कोणी लक्ष देत नाही हे खरं आहे. पण आपण तरी शेजारच्या माणसाकडे कुठे बघतो? मी दोनशे बारा चिठ्ठ्या मोजल्या आणि एका माणसाचे पाय पाहिले नाहीत. तुमच्या ग्रंथालयातही कुठल्या तरी कागदाच्या कोपऱ्यात एक बारीक वर्तुळ असेल. ते आळसाचं नाही. कोणाला तरी वाचवण्यासाठी कोणी तरी काढलेलं आहे.

उद्या सकाळी कुलूप उघडलं की पहिलं काम हे करा. तुमच्या इथल्या सर्वांत जुन्या माणसाला चहा द्या आणि विचारा, तुमचा हात कुठल्या फळीपर्यंत पोहोचतो? आणि उत्तर येईपर्यंत बोलू नका.